पहिल्या धड्यातलं घर

पहिलाच धडा फसला तर शिकणारा दुसऱ्यापर्यंत थांबत नाही, असं मास्तरांचं ठाम मत होतं, आणि ते कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कंपनी जे सॉफ्टवेअर बनवायची त्याचे धडे लिहायचं काम त्यांच्याकडे, म्हणून ऑफिसभर मास्तर. सॉफ्टवेअर तसं दिसायला रुक्षच. संगणकावर एक काळी खिडकी उघडायची, माउसला हात न लावता तिच्यात एकेक आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं, की काम झालं. अशा आज्ञा ज्याला त्याला स्वतःच्या तयार करता याव्यात म्हणून लागणारा सगळा सांगाडा ही कंपनी पुरवत असे. कुठकुठचे लोक तो वापरत, आणि शिकायला बसले की आधी मास्तरांचा पहिला धडा उघडून त्यातलं उदाहरण जसंच्या तसं उतरवून घेत. उदाहरण कुणी वाचत नाही. चालतंय का, एवढंच बघतात.

आणि नेमकं तेच चालत नव्हतं.

तक्रारींचा ढीग पडला होता. कुणी सौम्य शब्दांत लिहिलं होतं, कुणी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. मथितार्थ एकच, की तुमचं उदाहरण तुमच्याच आताच्या आवृत्तीत चालत नाही. त्यात नवल नव्हतं. उदाहरण पहिल्या आवृत्तीच्या काळातलं. मधल्या वर्षांत सांगाडा बदलला, आज्ञांची नावं बदलली, काही आज्ञा गेल्याच. उदाहरणाला मात्र कुणी हात लावला नव्हता. का, ते कुणी बोलत नसे.

काम आलं डॉक्टरणीकडे. सॉफ्टवेअरचा आजारी कोड बरा करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ऑफिसात तिचं हे नाव. घरी तिला धाकटी म्हणत, आणि आपणही तेच म्हणू, कारण या गोष्टीत तिचं धाकटं असणंच कामाचं आहे. धाकटीचा भुताखेतांवर, शकुनांवर, काडीचा विश्वास नव्हता. बिघाड म्हटला की त्याला कारण असतं. ते सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. शोधताना ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुन्हा चालवून बघायची, मग दुसरी. ही शिस्त तिने थोरल्या बहिणीकडून उचलली होती.

"जपून हं," मास्तर म्हणाले. त्यांचं टेबल तिच्या शेजारीच होतं. "ते उदाहरण जुनं आहे."

"जुनं आहे म्हणूनच तर बिघडलंय, मास्तर."

"तसं नव्हे." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "ते जिने लिहिलं ती आता नाही. फार गुणी मुलगी होती."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली, आणि तिने मान स्क्रीनकडे वळवली.

माहीत नसायला काय झालं? ती तिची सख्खी ताई होती.

हा सगळा सांगाडा ताईने घरातल्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर बसून उभा केला होता. कंपनीचे चीफ तेव्हा चीफ नव्हते, ताईचे भागीदार होते. बोलायचं काम त्यांचं, करायचं काम तिचं. पहिल्या धड्याला उदाहरण काय घ्यावं असा प्रश्न आला तेव्हा ताईने सरळ आपलंच घर घेतलं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, त्यावरचा माळा. माणसं तीन, आई, ताई आणि धाकटी. आज्ञाही आपल्याच भाषेत. 'कोण' म्हटलं की घरात कोण कुठे आहे ते दिसायचं. 'आण' म्हणून पुढे नाव लिहिलं की तो पाहुणा घरात यायचा. 'दार लाव', 'दिवा लाव', 'दिवा घालव'. शिकणाऱ्याला हसू यावं आणि हसता हसता कळावं, एवढाच हेतू.

ताईचा दंडक एकच. काहीही हलवायच्या, पुसायच्या आधी माणसाला विचारायचं, 'खात्री आहे का?' आणि एवढं विचारूनही चुकलंच, तर परत आणायची एक आज्ञा हाताशी हवी. चीफना हे दोन्ही डोळ्यांत सलायचं. लोकांना विचारत बसलं की लोक वैतागतात, म्हणायचे. ताई चार दिवस रजेवर गेली आणि त्यांनी दोन्ही काढून टाकलं. मग एका मोठ्या ग्राहकाकडे कुणाचं तरी बोट चुकलं आणि त्याचं वर्षानुवर्षांचं काम एका एंटरसरशी पुसलं गेलं. प्रश्न विचारला गेला नाही, परत आणायला आज्ञा नव्हती. भरल्या बैठकीत चीफनी ताईकडे बोट दाखवलं. "हिने काढलं," म्हणाले. पुढच्या आठवड्यात प्रत्येक पानावरून ताईचं नाव गेलं आणि चीफचं आलं.

तिला मग कुठेच काम मिळेना. ती त्याच टेबलाशी बसून राहायची, समोर संगणक नाही, आणि बोटं मात्र उघड्या लाकडावर चालत असायची. पुढे तिने अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. डॉक्टरांनी आजाराचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. आईने त्या आजाराला दुसरंच नाव ठेवलं होतं, आणि ते नाव या ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या केबिनच्या दारावर, पितळी पाटीवर होतं.

धाकटी राहायला आईकडेच होती, पण इथे सासरच्या नावाने नोकरीला लागली, ती पगारासाठी नव्हे. तिला एकच हवं होतं. या माणसाने एकदा, चार लोकांदेखत, खरं बोलावं. ते कसं घडवून आणायचं हे मात्र तिला अजून सुचलं नव्हतं.

सकाळीच चीफ येऊन गेले. हातात कॉफीचा नेहमीचा जाड काळा कप. "डॉक्टरीण, तुझा पेशंट मेला तरी चालेल, पण माझ्या कार्यक्रमात उठून बसला पाहिजे." स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच हसले. नवी आवृत्ती जाहीर व्हायची होती. दर वेळी चीफ मंचावर बसून पहिला धडा स्वतःच्या हाताने टाइप करत, मास्तर बाजूला उभं राहून धडा वाचत, आणि हॉलमधले लोक मांडीवरच्या लॅपटॉपवर त्यांच्या मागोमाग टाइप करत. कंपनीची ही रीतच पडून गेली होती. बोलता बोलता चीफनी अर्धा प्यालेला कप धाकटीच्या टेबलावर ठेवला आणि तसाच विसरून निघून गेले. ते कप कुठेही विसरत. तो धुऊन जागेवर ठेवणं हे ज्याच्या टेबलावर सापडेल त्याचं काम.

धाकटीने उदाहरण चालवलं. एरर आली. एका आज्ञेचं नाव बदललं होतं, तिने नवं नाव घातलं. पुन्हा एरर. एक फाइल जुन्या जागी शोधली जात होती, तिने नवी जागा दाखवली. असं दुपारपर्यंत चाललं. जुन्या कुलपाला नवी किल्ली घासून घासून बसवावी तसलं हे काम. त्यात तिचा जीव रमायचा.

जेवण झाल्यावर तिने पुन्हा चालवलं, आणि खिडकीत एकच ओळ आली.

सरक जरा.

धाकटी बघतच राहिली. एरर कशी येते हे तिला पाठ होतं. फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, मग कोरडं वाक्य. ही तशी नव्हती. तिने संपूर्ण सांगाड्यात ते शब्द शोधले. नव्हते. जुन्या आवृत्त्यांत शोधले. नव्हते. कुठे जुना उरलासुरला तुकडा अडकला असेल म्हणून सगळं साफ करून नव्याने बसवलं. तीच ओळ. मास्तरांच्या मशीनवर चालवलं. तिथेही तीच.

"कोण सरक म्हणतंय तुला?" मास्तरांनी वाकून पाहिलं.

"कुणी नाही. कुणीतरी गंमत करून ठेवलेली दिसते." ती हसली, पण हसू ओठांतच राहिलं. लहानपणी तिचं गणित अडलं की ताई येऊन कोपराने ढकलायची आणि म्हणायची, सरक जरा. मग पेन्सिल तिच्या हातातून घ्यायची.

पाण्याची बाटली भरायला म्हणून ती उठली. पाण्याच्या मशीनपाशी दोघेतिघे क्रिकेटवरून हमरीतुमरीवर आले होते, ते ऐकत ती जरा रेंगाळली. परत आली तेव्हा तिची खुर्ची थोडी डावीकडे सरकलेली होती, आणि स्क्रीनवर लिहिलं होतं, घर तयार आहे.

"मास्तर, इथे कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. मी इथेच आहे की."

तिने कोड उघडून पाहिला. जिथे ती अडली होती तिथे चार नव्या ओळी होत्या. स्वच्छ, नेटक्या. आणि चौथीनंतर एक मोकळी ओळ सोडलेली होती, गरज नसताना. अशी मोकळी ओळ सोडणारं माणूस धाकटीला आयुष्यात एकच माहीत होतं. ताई म्हणायची, वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवावी.

धाकटीने श्वास घेतला. मग शिस्तीप्रमाणे एका वेळी एकच गोष्ट करायची ठरवली आणि टाइप केलं, कोण.

बाहेरची खोली: आई.
स्वयंपाकघर: ताई.

हेही चूक होतं. उदाहरणात तिन्ही माणसं बाहेरच्या खोलीत बसवलेली होती, आणि तिसरं नाव तर यादीत नव्हतंच. धाकटी घरी नाही, हे त्या चार ओळींना कसं कळावं? तिने घरी फोन लावला.

"आई, काय करतेयस?"

"काय करणार? बाहेर बसून भाजी निवडतेय. तुझं काय मध्येच?"

"स्वयंपाकघरात कुणी आहे?"

"कोण असणार?" आईने आवाज खाली आणला. "का गं?"

"काही नाही. जरा थांब हं, फोन ठेवू नकोस." धाकटीने खिडकीत टाइप केलं, दिवा लाव. पुढे लिहिलं, स्वयंपाकघर. एंटर दाबलं.

पलीकडून आधी भाजीचं ताट सरकवल्याचा आवाज आला. मग पाटावरून उठताना गुडघे वाजतात तसा, आणि आईची पावलं.

"अगं, आतला दिवा लागला," आई म्हणाली. "भर दुपारी. बटण तर वरच आहे."

"वायरिंग जुनं झालंय आई. इलेक्ट्रिशियनला बोलावू या."

"हो," आई म्हणाली. आणि मग अगदी हळू, "टेबलाशी खुर्ची ओढलेली आहे गं. मी नाही ओढली."

धाकटीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला आला तो संताप. ताई आहे. ताई घरात आहे, आणि ज्याने तिला घालवलं तो पलीकडच्या केबिनमध्ये पाय पसरून फोनवर हसतोय.

तिने 'आण' करून बघितलं. आधी स्वतःचं नाव दिलं. उत्तर आलं, तू नको. मग मास्तरांच्या चष्म्याचं घर. उत्तर आलं, या, बसा. उदाहरणात लिहिलेलं ते साधं, ठरीव उत्तर, आणि चष्म्याचं घर मास्तरांच्या टेबलावर होतं तिथेच राहिलं. तिने त्यांचं नाव दिलं. या, बसा. मास्तर खुर्चीत होते तसेच, कान खाजवत. मग तिची नजर त्या काळ्या कपावर गेली. चीफचा कप, असं तिने लिहिलं.

या वेळी 'या, बसा' आलं नाही. तीन वाक्यं आली.

कप माळ्यावर जाईल. परत आणायची आज्ञा काढून टाकलेली आहे. खात्री आहे का?

तो प्रश्न. जो या सांगाड्यात कुठेच उरला नव्हता, तो. धाकटीने पुन्हा पुन्हा वाचला. मग लिहिलं, हो.

तिने मान वळवली तेव्हा टेबलावर कप नव्हता. त्याच्या तळाचं ओलं वर्तुळ तेवढं होतं. तिने खाली वाकून पाहिलं, कागदांखाली पाहिलं, मास्तरांना विचारलं. त्यांनीही शोधला. थोड्या वेळाने चीफ स्वतः शोधत आले आणि सफाईवालीवर खेकसून गेले.

संध्याकाळी घरी पोचताच धाकटीने चपला काढल्या न काढल्या तोच स्वयंपाकघरात शिडी लावली. माळा म्हणजे ओट्यावरची एक लांब खबदाड. जुन्या गाद्या कधीच काढून टाकल्या होत्या, आता तिथे धुळीशिवाय काही नव्हतं. तिने टॉर्च मारला. कप नव्हता. धूळ सगळीकडे सारखी पसरली होती, फक्त मधोमध एक ओलं वर्तुळ उमटलेलं होतं. तिने बोट लावून वास घेतला. कॉफी, आणि अजून कोमट.

"काय सापडलं?" खालून आईने विचारलं.

"काही नाही. धूळ आहे."

आई शिडी धरून उभी होती. तिने लेकीच्या ओल्या बोटाकडे पाहिलं. त्या दिवसापासून तिने टेबलापाशी ओढलेली खुर्ची कधी आत ढकलली नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी धाकटी चीफच्या केबिनमध्ये गेली. जे करायचं ते नियमाने करायचं असं तिने ठरवलं होतं. ताईच्या नियमाने. आधी विचारायचं.

"झालं का?" चीफनी फोनमधून डोकं वर न काढता विचारलं.

"उदाहरण चालतंय. फक्त एका ठिकाणी प्रश्न येतो. खात्री आहे का, असा."

आता त्यांनी वर पाहिलं. "तो कुठून आला?"

"जुन्या कोडमध्ये होता, असं दिसतं. सर, तो प्रश्न आणि ती परत आणायची आज्ञा, मुळात कुणी काढली होती?"

चीफनी फोन खाली ठेवला. या क्षणाची धाकटी किती वर्षं वाट पाहत होती ते तिचं तिला ठाऊक. केबिनचं दार उघडं होतं, बाहेर मास्तर होते, आणखी दोघंतिघं होते. एक वाक्य पुरलं असतं. मी काढली. एवढं जरी तो माणूस म्हणाला असता, तरी ती त्याच पावली परत जाऊन ते उदाहरण मुळासकट पुसून टाकणार होती.

"होती एक बाई," चीफ म्हणाले. "निष्काळजी. डोक्याने जरा अशी तशीच. तिने काढली, आणि निस्तरावं लागलं मला." त्यांनी फोन पुन्हा डोळ्यांसमोर धरला. "तो प्रश्न काढून टाक. मंचावर मला थांबायला आवडत नाही."

"प्रश्न आला तर वाचून उत्तर द्या, सर. तेवढंच सांगायला आले होते."

"अगं, आयुष्यात मी कधी ते प्रश्न वाचले नाहीत. 'हो' म्हणायचं आणि पुढे जायचं." ते हसले. "जा आता. आणि तो कप सापडला तर बघ."

दारातून बाहेर पडताना मास्तरांशी तिची नजरानजर झाली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. इतकी वर्षं बोलले नव्हते, तर आज काय बोलणार!

धाकटीने प्रश्न काढला नाही.

हॉल सकाळपासून भरला होता. मांड्यांवर लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्रं, मागे चहाची रांग. मंचावर एक टेबल, चाकांची खुर्ची, आणि मागच्या भिंतीवर ती काळी खिडकी भिंतभर मोठी करून दाखवलेली. चीफ टाळ्यांत आले, बसले, खुर्ची एकदा गमतीने गोल फिरवली. मास्तर बाजूला छोट्या माइकसमोर धडा घेऊन उभे राहिले. माइकसमोर उभं राहिलं की त्यांना घाम फुटायचा, म्हणून ते कागदातून डोकं वर काढत नसत. धाकटी पहिल्या रांगेत अगदी टोकाला होती. शेजारची खुर्ची तिने मोकळी ठेवली होती.

"पहिला धडा," मास्तरांनी वाचलं. "आपण एक घर बांधणार आहोत. आधी घरात एक पाहुणा आणू या. लिहा, आण, आणि पुढे स्वतःचं नाव."

हॉलभर बटणं वाजली. पत्र्यावर सरी कोसळाव्यात तसा आवाज झाला. जागोजागी 'या, बसा' आलं आणि लोक हसले.

चीफनी लिहिलं, आण चीफ.

भिंतीवर उमटलं:

चीफ माळ्यावर जातील. परत आणायची आज्ञा काढून टाकलेली आहे. खात्री आहे का?

इतक्या मोठ्या अक्षरांत की शेवटच्या रांगेतल्यालाही वाचता यावं. काही लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलीच गंमत आहे. धाकटीने चीफच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते अक्षरांकडे बघतच नव्हते. ते लोकांकडे बघत होते, हसत होते, आणि त्यांची बोटं आपली आपण चालत होती.

वाच, ती मनात म्हणाली. एकदा वाच.

हो, असं भिंतीवर उमटलं.

दिव्यांनी एकदा डोळा मिटल्यासारखं केलं.

"आता," मास्तरांनी कागदातून वाचलं, "सगळ्यांनी लिहा, दार लाव."

सगळ्यांनी लिहिलं.

"आता लिहा, दिवा घालव."

सगळ्यांनी लिहिलं.

मग मास्तरांनी मान वर केली. हॉलमधला गलका विरत विरत थांबला.

मंचावर खुर्ची रिकामी होती. ती अजून हळूहळू फिरत होती.

लोकांना वाटलं फोन आला असेल, मागच्या दाराने गेले असतील. मागचं दार आतून बंद होतं. पोलीस आले, त्यांनी सगळ्यांना विचारलं, धाकटीलाही विचारलं. तिने खरं तेच सांगितलं. त्यांना प्रश्न आला होता, त्यांनी हो म्हटलं. पोलिसांनी ते लिहून घेतलं नाही. दिवस गेले. केबिनच्या दारावरची पितळी पाटी एका सकाळी कुणीतरी उतरवली. मास्तरांनी कुणालाही न विचारता धड्यांच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ताईचं नाव घातलं, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बराच वेळ नुसते बसून राहिले.

"माळ्यावर उंदीर झालेत का गं?" एकदा आईने विचारलं. "दिवसभर खरवडतंय काहीतरी. दुपारी तर फार."

"दुपारी लोक धडे शिकायला बसतात," धाकटी म्हणाली.

आईने वर पाहिलं. मग भाजी निवडायला घेतली. "औषध टाकायचं नाही मग," ती म्हणाली. "असू दे."

उदाहरण आता बिनचूक चालत होतं. तक्रारी थांबल्या. आली ती एकच, कुठल्या तरी लांबच्या, नव्यानेच शिकणाऱ्या माणसाची. लिहिण्यात अदब होती.

'पहिला धडा छान आहे. पण दिवा घालव ही आज्ञा दिल्यावर एक जास्तीची ओळ येते. दार उघडा. पुन्हा चालवलं की तीच ओळ दोनदा येते, मग तीनदा. ही ओळ कोडमध्ये मला कुठे सापडली नाही. ही चूक आहे का? असल्यास कशी घालवावी?'

धाकटीने ते नीट, शेवटपर्यंत वाचलं. खुर्ची सवयीने थोडी डावीकडे सरकवली, शेजारी जागा केली. मग उत्तर लिहिलं.

'ही चूक नाही. उदाहरण असंच चालायला हवं. त्या ओळीकडे दुर्लक्ष करावं.'

तिने तक्रार बंद केली. मग धड्याचं पान उघडलं आणि 'दिवा घालव'च्या खाली शिकणाऱ्यांसाठी एक नवी सूचना घातली. हात बसेपर्यंत ही आज्ञा रोज पुन्हा पुन्हा चालवून सराव करा. आणि त्याखाली, गरज नसताना, एक मोकळी ओळ सोडली.